जातिवंत पिल्लू की शेल्टरमधलं कुत्रं? आधी दोरी कुणाच्या हातात ते ठरवा

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरच्या गल्लीत सध्या तीन लॅब्राडोर आहेत आणि तिघांचेही मालक पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरीला आहेत. कुत्री राहिली इंदूरला, आई-बाबांपाशी. सकाळी साठी उलटलेले काका त्यांना फिरवायला निघतात. खरं तर निघतो कुत्रा, काका मागून ओढले जातात. गेल्या पावसाळ्यात त्यातले एक काका चिखलात घसरले आणि मनगटाला प्लास्टर घालून दीड महिना बसले. कुत्र्याची त्यात काही चूक नव्हती. तीस किलोचं ते जनावर तीन वर्षांचं, भर तारुण्यातलं, आणि समोरून मांजर गेलेलं.

माझ्याकडे सतरा वर्षांत दोन कुत्री झाली, एक विकत घेतलेलं आणि एक शेल्टरमधून, म्हणजे बेवारस कुत्र्यांच्या आसऱ्यातून, आणलेलं, त्यामुळे ओळखीचे लोक विचारायला येतात: 'ब्रीडचं घेऊ की शेल्टरमधलं?' हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा आहे. आपण पहिल्या पायरीपासून चढू.

आधी घड्याळ

जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांना बसवा आणि कागदावर दिवसाचे तास मांडा. सकाळचं फिरणं, संध्याकाळचं फिरणं, दोन वेळचं खाणं, आणि घर रिकामं असण्याचे तास. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहा. 'सगळे मिळून करू' असं लिहिलंत तर ते काम आईकडे जाणार हे मी स्टँप पेपरवर लिहून देते.

पिल्लू आणायचं असेल तर कागद आणखी मोठा लागेल. दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी जेमतेम दोन-तीन तास धरता येते. वयाचे महिने अधिक एक, इतके तास, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे रात्रीसुद्धा दोनदा उठायचं. माळव्यातल्या रात्री छान असतात म्हणून कौतुक होतं, पण जानेवारीत पहाटे तीन वाजता स्वेटर चढवून अंगणात उभं राहिलं की ते कौतुक आठवत नाही.

मग वर्षं मोजा. लॅब्राडोर साधारण दहा-बारा वर्षं जगतो, ग्रेट डेन त्याहून कमी, छोट्या जातीची आणि आपली देशी कुत्री बारा-पंधरा वर्षंसुद्धा काढतात. आज कुत्र्यासाठी हट्ट धरणारा मुलगा दहावीत असेल, तर कुत्रं चार वर्षांचं होईतो तो कुठल्या तरी होस्टेलवर असेल. आपल्या इंदुरी मराठी घरांचं हे ठरलेलंच चित्र आहे. म्हणून मी विचारते, मुलगा गेल्यावर दोरी कुणाच्या हातात? त्या माणसाचं वजन, गुडघे आणि झोप बघून कुत्रं निवडा. मुलाची आवड दुसरी.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे की सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि जात किंवा आकार बघूनही अडवता येत नाही. मात्र घर भाड्याचं असेल तर मालकाशी आधीच बोला. आणि कुत्र्याची शी उचलायची पिशवी खिशात ठेवा. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात दुसऱ्याच्या फाटकासमोर कुत्रं बसवणाऱ्याला लोक काय ऐकवतात ते लिहिण्यासारखं नाही.

घर शाकाहारी असेल तर तोही विषय याच बैठकीत काढा. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. तयार डॉगफूडच्या पिशवीवर कोंबडीचं चित्र बघून सासूबाईंनी ती आठवडाभर बाल्कनीत ठेवायला लावली. शेवटी कुत्र्याची भांडी वेगळी, घासणी वेगळी आणि अंडी उकडायला मागच्या अंगणात एक शेगडी, असा तह झाला. तुमचा तह कुत्रं येण्याआधी व्हावा.

जातीआधी वय

आता माझं ठाम मत. घरात कुठलं कुत्रं सुखाने राहील हे ठरवताना जातीपेक्षा वय जास्त मोलाचं असतं.

जातिवंत पिल्लाचा आकार, केस आणि थोडाफार कल आधी सांगता येतो. लॅब पाण्यात उडी मारणार, बीगल नाक जमिनीला लावून तुम्हाला विसरणार, जर्मन शेफर्ड दारात बसणार. पण ते पिल्लू मोठेपणी भित्रं निघेल की दांडगट, एकटं राहील की सोफा फाडेल, हे त्या टोपलीत दिसत नाही. शेल्टरमधल्या पिल्लाचा तर आकारही अंदाजाने सांगायचा. याउलट तीन वर्षांचं कुत्रं, मग ते जातिवंत असो की गावठी, तुमच्यासमोर पूर्ण उभं असतं. उंची, वजन, आवाज, खोडी, सगळं बघून घ्या.

ज्या घरात फक्त वयस्क माणसं आहेत, किंवा दोघंही नोकरीला जातात, तिथे पिल्लू आणूच नका, दोन-तीन वर्षांच्या पुढचं कुत्रं आणा. असं मोठं कुत्रं मिळतं बहुतेक करून शेल्टरमध्येच. तिथे फक्त गावठी असतात हा गैरसमज आहे. हौस फिटल्यावर सोडून दिलेले लॅब, शेफर्ड, पग आणि हस्कीसुद्धा तिथे येऊन पडतात. जातीची आवड असेल आणि घाई नसेल, तर दोन-चार शेल्टरांत नाव सांगून ठेवा.

मग ऊन आणि फरशी

इंदूरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकत अंग थंड करतं. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची ही सोयच अर्धी असते, म्हणून उन्हाळ्यात तीच आधी कोसळतात. हस्की आणि सेंट बर्नार्ड यांना दुहेरी केस असतात, ते बर्फासाठी. 'आमच्याकडे एसी आहे' हे उत्तर मला कुणी देऊ नये. एसी खोलीत असतो, शी-शू रस्त्यावर होते. आणि वीज जातेच.

मेमध्ये फिरवायच्या आधी तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर कुत्र्याच्या पायांनाही सोसणार नाही.

फरशीकडे कुणी बघत नाही. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष बराच आढळतो, आणि गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकत वाढणाऱ्या पिल्लाचं दुखणं वाढतं. खरखरीत कोटा फरशी त्या मानाने बरी. डॅक्सहुंडच्या लांब पाठीला जिना वाईट. कॉकर स्पॅनियलच्या लोंबत्या कानांत पावसाळ्यात हमखास संसर्ग. पॉमेरेनियनचे दात लवकर खराब होतात आणि गुडघ्याची वाटी सरकते. जात निवडताना तिच्या फोटोबरोबर तिची दुखणीही वाचून घ्या.

गावठी कुत्र्याला या उन्हाचं फारसं काही वाटत नाही. आखूड केस, सडपातळ अंग, पिढ्यान्‌पिढ्या याच हवेत वाढलेलं. पण त्याचेही दोष ऐका. ते चौकस असतं, म्हणजे भुंकतं. हद्दीबद्दल हट्टी असतं. पाच फुटांचं कंपाउंड त्याला अडथळा वाटत नाही. आणि लॅबसारखं येईल त्याच्या अंगावर पडून लाड करून घेईलच असं नाही; आमची शेल्टरमधून आणलेली ठमी पाहुण्यांना पहिला तासभर फक्त वास घेऊन मोजते.

आणि जातिवंत म्हणजे विलायतीच, असं कुणी सांगितलं? मुधोळ, राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग या आपल्या चार जातींवर टपाल खात्याने 2005 मध्ये तिकिटंही काढली. मात्र मुधोळ हे धावणारं शिकारी कुत्रं आहे. मोकळी जमीन असेल तरच त्याचा विचार करा, दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी नको. पिटबुल, रॉटवायलर वगैरे 23 जातींवर बंदी घालायला केंद्राने मार्च 2024 मध्ये राज्यांना सांगितलं होतं, ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं. कायदा काही म्हणो, ज्याचं हे पहिलंच कुत्रं आहे त्याने त्या यादीकडे जाऊ नये.

विकत घ्यायचं ठरलं तर

माझं पहिलं कुत्रं असं आलं. रिंग रोडवर एका पेट्रोल पंपाजवळ एकाने टोपलीत तीन पिल्लं आणली होती. 'भिया, ओरिजिनल लैब है, माँ-बाप दोनों शो वाले।' आम्ही आई बघायला मागितली नाही, कागद मागितला नाही, सहा हजार मोजले आणि घरी आलो. पिल्लू पाच आठवड्यांचं असेल. तिसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्वो, पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार. सहा रात्री सलाइनवर काढून ते वाचलं, हे आमचं नशीब. मोठं झाल्यावर त्याच्यात लॅब किती होतं हे आम्ही कुणालाच सांगितलं नाही, पण बारा वर्षं जगलं आणि छान जगलं.

म्हणून, टोपलीतलं, फोनवर फोटो पाठवून 'उद्या डिलिव्हरी' म्हणणारं, कागदाशिवाय स्वस्तातलं 'ब्रीडचं' पिल्लू घेऊ नका. जातिवंताची खात्री नाही आणि शेल्टरचं पुण्यही नाही, असा तो दोन्हीकडून तोटा आहे.

केंद्राचे 2017 चे कुत्रा-पैदास नियम तुमच्या बाजूचे आहेत. ब्रीडरची राज्याच्या जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. त्याचं प्रमाणपत्र बघायला मागा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. रस्त्यावर मांडून विकता येत नाही. कुत्री अठरा महिन्यांची होण्याआधी तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत, पुढेही वर्षातून एकदाच, आणि आयुष्यात पाच वेतांहून जास्त नाही. हे सगळं विचारल्यावर समोरचा चिडला तर गाडीला किक मारा.

ब्रीडरकडे फोन करून जा, पण जेवणाच्या वेळी जा. आईला बघा. तिचे सड ओघळलेले आहेत का, म्हणजे पिल्लांना तीच पाजते आहे का, आणि ती तुमच्याजवळ येते की कोपऱ्यात गुरगुरते. पिल्लाचा स्वभाव बराचसा तिच्यावर जातो. बाप बऱ्याचदा बाहेरगावचा असतो, ते चालतं. आई 'गावाला गेली आहे' हे चालत नाही. लॅब किंवा शेफर्ड घेताना आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. इंदुरात ते दाखवणारे ब्रीडर थोडे आहेत, पण मागणारे वाढले तर दाखवणारेही वाढतील.

जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद म्हणजे वंशावळ, तब्येतीची हमी नव्हे. त्या नोंदणीसाठी कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप लागते. चिपचा पंधरा आकडी नंबर कागदावर असतो, तो स्कॅनरवर दाखवायला सांगा आणि मालकी तुमच्या नावावर करून घ्या. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही हवी; नुसती तारीख पेनाने लिहिलेली असेल तर लस दिलीच नाही असं समजा. पिल्लू घेतल्यापासून दोन दिवसांत स्वतःच्या डॉक्टरला दाखवा. अवघड दुखण्यासाठी महूचं पशुचिकित्सा महाविद्यालय आपल्यापासून पाऊण तासावर आहे, हे इंदूरकरांचं भाग्य फार जणांना ठाऊक नाही.

शेल्टरमधून आणायचं ठरलं तर

एकदा जाऊन कुत्रं आणू नका. किमान दोनदा जा, एकदा दुपारी आणि एकदा सकाळी. पिंजऱ्यांच्या रांगेतून जाताना पन्नास कुत्री एकदम भुंकतात आणि माणूस तिथूनच परत फिरतो. तो त्या कुत्र्यांचा स्वभाव नव्हे, तो त्या जागेचा गोंगाट आहे. जे आवडलं त्याला दोरी लावून बाहेर मोकळ्या जागेत न्यायला सांगा. खाली बसा, तोंड जरा बाजूला, डोळ्यात रोखून न बघता. पाच मिनिटांत ते वास घ्यायला आलं का? हातातली बिस्किटं संपल्यावरही जवळ राहिलं का? स्कूटरच्या आवाजाने दचकून पुन्हा सावरलं का? दचकणं चालतं. सावरणं बघायचं.

तिथे रोज खायला घालणाऱ्या माणसाशी बोला, ऑफिसातल्याशी नंतर. तो सांगेल: हे पुरुषांना घाबरतं, ते ताटाजवळ कुणी आलं तर गुरगुरतं, त्याला मांजर दिसलं की संपलं. घरात लहान मूल असेल तर ताटाजवळ गुरगुरणारं घेऊ नका, कितीही दया आली तरी.

वयाचा अंदाज दातांवरून येतो. दुधाचे 28 दात सुईसारखे असतात. पक्के 42 सात महिन्यांच्या आसपास पुरे होतात. पुढे पिवळेपणा आणि झीज बघायची. कानाला खाच दिसली तर ती जखम समजू नका, ती नसबंदी झाल्याची खूण. कुत्री असेल तर ही खाच म्हणजे तुमची मोठी सोय: माज नाही, गर्भाशयात पू होण्याचं जीवघेणं दुखणं नाही.

घरी आणण्याआधी रक्ततपासणी करून घ्याच. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बेबेसिया हे ताप आपल्याकडे सर्रास आहेत आणि कुत्रं वरून ठणठणीत दिसत असताना प्लेटलेट्स घसरलेल्या असतात. लवकर कळलं तर औषधाने बरं होतं.

शेल्टरवाले तुमचं घर बघायला येतील, फॉर्म भरून घेतील, 'गावाला गेलात तर कुत्रं कुठे ठेवाल' विचारतील. रागावू नका. मुलगी देताना आपण याहून जास्त विचारतो. उलट तुम्हीच विचारा, आठ-दहा दिवस फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं, ठेवून बघता येईल का.

गल्लीतलंच ओळखीचं कुत्रं घरात घ्यावं का? दमलेलं, जखमी, पिल्लू किंवा गाडीखाली येईल अशा जागचं असेल तर जरूर. पण पाच वर्षं चहाच्या टपरीवर राज्य केलेल्या बोक्यासारख्या कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावर कोंडणं ही त्याला शिक्षा होईल. त्याची नसबंदी करा, दर वर्षी रेबीजची लस द्या, पालिकेने ठरवलेल्या जागी खायला घाला आणि त्याला तिथेच राहू द्या. आणि एकदा दत्तक घेतलं की परत रस्त्यावर सोडायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 च्या आदेशात ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावरच टाकली आहे.

'पण लोक काय म्हणतील, गावठी?' असं विचारणाऱ्यांना मी कृष्णपुऱ्याच्या दत्तमंदिरात पाठवते. महाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत, एकही लॅब्राडोर नाही.

घरी आणल्यावर

गाडीतून उतरताना दोन दोऱ्या लावा, एक गळपट्ट्याला आणि एक हार्नेसला, म्हणजे छातीच्या पट्ट्याला. शेल्टरमधली बरीच कुत्री पहिल्याच दिवशी फाटकातून निसटतात. पहिले तीन दिवस ते कुठे तरी लपेल, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळेल, तीन महिन्यांत ते तुमचं होईल, असा जाणत्यांचा अंदाज आहे. त्या पहिल्या तीन दिवसांत शेजाऱ्यांना बघायला बोलावू नका, आंघोळ घालू नका, उचलून घेऊ नका.

पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्वोची लस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर, आणि मग डॉक्टर सांगतील तसे दर वर्षी डोस. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. घरात आधी पार्वोने पिल्लू गेलं असेल तर नवं लहान पिल्लू लगेच आणू नका. कुत्रं आपलं असो की परकं, चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इंदुरी घरासाठी खास सूचना: सकाळच्या पोह्यांची प्लेट खाली ठेवू नका. कांदा कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो, कच्चाही आणि शिजवलेलाही. शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगम हेही विषच. शिजवलेली हाडं आतड्याला टोचतात. खर्चाचं विचाराल तर आमच्या ठमीच्या खाण्याला महिन्याला 1800 रुपये पुरतात, शेजारच्या लॅबला 4000 पुरत नाहीत.

दिवाळी, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), या दिवसांत कुत्री सर्वांत जास्त हरवतात. संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, आतल्या खोलीत खिडकी बंद करून पंखा मोठा लावा, आणि गळपट्ट्यावर फोन नंबर असलेला बिल्ला घाला. घाबरलं असेल तर जवळ बसा, लाडाने भीती वाढते हे खरं नाही.

ठमी आली तेव्हा चार दिवस दिवाणाखालून बाहेर आली नाही. रात्री दोनला सगळे झोपले की जेवायची, आम्ही कूस बदलली की परत आत. पाचव्या दिवशी सासूबाई देवपूजा करत होत्या आणि ती येऊन त्यांच्या आसनाच्या टोकावर बसली. सासूबाईंनी वळून बघितलं, घंटा जरा हळू वाजवली आणि मला हाक मारली, 'अगं, त्या अंड्याच्या शेगडीत गॅस आहे ना?'